धनलक्ष्मीबाईंचं नाक आणि कोंडीबाच्या कोंबड्या

गुरुशांत कलशेट्टी यांनी उभ्या आयुष्यात अंडं हातात धरलेलं नव्हतं. घर लिंगायत, सकाळची पूजा झाल्याशिवाय चहासुद्धा नाही. नोकरीत असताना ऑफिसच्या पार्टीत कोणी ऑम्लेट मागवलं, तर हे आपली खुर्ची उचलून खिडकीपाशी नेत आणि वारा कुठून येतोय ते बघून मगच बसत. अशा माणसाच्या मागच्या अंगणात अडीचशे कोंबड्यांचं खाणं भाजलं जाऊ लागलं, तेव्हा जुळे सोलापुरातल्या त्या गल्लीला पावसाळाभर पुरेल इतका विषय मिळाला. अण्णांना (गल्ली त्यांना अण्णाच म्हणे) कोणी विचारलं, तर ते म्हणत, "खाण्यावर बंदी आहे. खाऊ घालण्यावर कुठे आहे?" हे वाक्य त्यांनी बरीच खाडाखोड करून तयार केलं होतं.

कारण मात्र ते कोणालाच सांगत नसत. कारण होतं त्यांच्या बायकोचं नाक.

धनलक्ष्मीबाईंचं नाक म्हणजे गल्लीची एक सोय होती. शेंगदाणे भाजताना त्या कढईकडे बघतसुद्धा नसत. पाठ करून भाकरी थापत बसत आणि मध्येच "झालं" म्हणून गॅस बंद करत. त्यांची शेंगाचटणी पुण्याला, हुबळीला, एकदा तर दुबईला गेलेली. कोणाचं दूध नासायला लागलंय, कोणाच्या घरी वायर तापलीय, हे त्या आपल्या ओट्यावरून सांगत. दोन वर्षांपूर्वी मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. त्यानंतर केलेली पहिली चटणी काळी ठिक्कर झाली, आणि समोरच्या मथुराबाई ती खाऊन "छान आहे हो अक्का" म्हणाल्या. ते "छान आहे" बाईंना जेवढं लागलं तेवढं कोणी शिव्या देऊनही लागलं नसतं. त्या दिवशी कढई धुऊन वर ठेवली, ती खाली आली नाही. चटणी दुकानातून येऊ लागली. बाई बोलायच्या कमी झाल्या, जेवायच्या त्याहून कमी झाल्या, आणि रडायच्या तर मुळीच नाहीत. अण्णांना हेच सहन होत नव्हतं. माणसानं रडावं, भांडावं. हे असं वाढून दिलेलं मुकाट्यानं गिळणं बघवत नाही.

डॉक्टर म्हणाले होते, नाकाला सवय लावा, ओळखीचे वास रोज द्या, येईल हळूहळू. अण्णांनी लवंग, लिंबू आणि निलगिरी अशा तीन बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून, सकाळ-संध्याकाळचे रकाने आखून वही तयार केली. बाईंनी दोन दिवस सह्या केल्या. तिसऱ्या दिवशी माहेरच्या कन्नड वळणानं म्हणाल्या, "मी काय शाळेत जातेय का री?" वही बंद झाली.

अशात एक दिवस कोंडीबा आला. कोंडीबा अण्णांच्या ऑफिसात शिपाई होता. निवृत्तीनंतर कुंभारीला घराशेजारी शेड मारून त्यानं गावरान पिल्लं पाळली होती. अण्णा हेडक्लार्कच्या खुर्चीवरून उठून चार वर्षं झाली, तरी कोंडीबा त्यांच्यापुढे अजून खुर्चीत बसत नसे.

"सायेब, पिल्लांना सोयाबीन घालावं म्हनतो. पर कच्चं चालत न्हाय की. पोटात जातंय, अंगाला लागत न्हाय. भाजूनच घालाय पायजे. आनि भाजणी लई नाजूक बगा. कमी पडली तर वाया, जादा झाली तर बी वाया. वैनीसायबांवानी नाक असंल त्याचंच काम हाय त्ये."

बाईंचं नाक गेल्याचं कोंडीबाला ठाऊक नव्हतं. अण्णांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. आणि त्या क्षणी अण्णांच्या डोक्यात ती योजना आली, जिला पुढे सर्व संबंधितांनी आपापल्या परीनं नावं ठेवली. माणसांसाठी भाजायला ही तयार नाही, कारण माणसं खोटं कौतुक करतात. कोंबड्या कशाला कौतुक करतील? रोज भट्टीपाशी बसेल, रोज वास नाकाशी येईल, आणि एक दिवस नाक जागं होईल. "पोती घेऊन ये," अण्णा म्हणाले.

पहिली अडचण घरातच निघाली. "नैवेद्याच्या कढईत कोंबडीचं खाणं?" एवढं बोलून बाई आत गेल्या. मग मंगळवार पेठेतल्या एका फुटाणेवाल्याचा जुना फिरता ड्रम आणला. लोखंडी पिंप आडवं, एका बाजूला हॅण्डल, खाली गॅसची शेगडी. तो रिक्षातून उतरवताना शेजारचे सिद्धलिंग सर धावत आले. सर विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना सर्व विषयांत मत होतं. त्यांनी वाळू घालून भाजायला सांगितलं. मथुराबाईंनी मिठाचं पाणी शिंपडायला सांगितलं. बाईंनी काहीच सांगितलं नाही. त्या खिडकीतून बघत होत्या, हे अण्णांनी पाठीवरच्या डोळ्यांनी टिपलं आणि मुद्दाम हॅण्डल उलटं फिरवलं.

पहिला घाणा अण्णांनी घड्याळ लावून काढला. सहा मिनिटं. सहाच का, तर सहा हा आकडा त्यांना जबाबदार वाटला. सिद्धलिंग सर दोन मुठी चाखून म्हणाले, "जरा हिरवट लागतंय, पण पौष्टिक असणार." पौष्टिकपणाचा परिणाम त्याच संध्याकाळी सुरू झाला. सर दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत, आणि तिकडे कुंभारीत अडीचशे पिल्लांनी तेच आरंभलं. कोंडीबानं फोनवर फार सभ्य शब्दांत कळवलं, "सायेब, शेड जरा वलं झालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पुन्हा ड्रमपाशी बसले आणि बाईंना ते बघवेना. त्या मागच्या दारातून आल्या, पदर खोचला, पाट ओढला आणि "उठा" म्हणाल्या. अण्णा उठले. दोन वर्षांनी ती बाई भाजायला बसली होती. हॅण्डल तिच्या हातात असं फिरत होतं की ड्रमचा खडखडाटसुद्धा तालात आला. अण्णा मागे श्वास धरून उभे राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली, भाजल्या सोयाबीनचा वास अंगणभर झाला. त्यांना राहवेना.

"काय गं? वास...?"

बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"येतोय की," त्या म्हणाल्या.

पुढच्या पाऊण तासात अण्णा चौकातल्या हलवायाकडे जाऊन आले आणि गल्लीतल्या अकरा घरांत पेढे पोचले. पेढे कशाचे, तर बायकोला वास आल्याचे. असे पेढे सोलापुरात यापूर्वी कोणी वाटले असतील असं वाटत नाही. मथुराबाईंचा मात्र विश्वास बसेना. संध्याकाळी त्या मूठ झाकून आल्या, बाईंच्या नाकाशी धरली आणि म्हणाल्या, "ओळखा बघू अक्का, काय आहे?" बाईंनी डोळे मिटले, उघडले. "कापूर." बरोबर निघाला. अण्णांनी उरलेला पेढा मथुराबाईंच्या हातावर असा ठेवला, जणू त्यांच्या वशिल्यानंच नाक परत आलं असावं.

त्यानंतरचे सात आठवडे अण्णांच्या संसारातले फार चांगले आठवडे होते. रोज दुपारी चार वाजता ड्रम फिरे. बाई पुन्हा दूधवाल्याशी भांडू लागल्या. खमंग वासानं गल्ली वाट्या घेऊन येई. हा वास शेंगाचटणीवर वाढलेल्या माणसांना ओळखीचा. तांबूस झालं, खरपूस झालं की सोलापूरच्या जिभेला ते झालं. "वा अक्का, आता कसं झालंय!" असं सर म्हणत. अण्णांनाही तसंच वाटे. त्यांचं नाकही याच गावचं. फक्त एक गोष्ट होती. अण्णा म्हणत, "आता एकदा चटणी कर," आणि बाई म्हणत, "आधी कोंबड्यांचं होऊ दे." चार वेळा म्हणाल्या. अण्णांनी त्याची नोंद घेतली नाही.

कोंडीबा दर शनिवारी पोती नेई. "पिल्लं कशी आहेत?" बाई हौसेनं विचारत. "झ्याक हायेत, वैनीसायेब," तो म्हणे आणि चपला घालायची घाई करी.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण अण्णांमधला हेडक्लार्क गप्प बसेना. हा उद्योग रीतसर व्हावा, बाईंच्या नावानं नोंदवावा, 'धनलक्ष्मी पशुखाद्य' असा बोर्ड लावावा आणि तो त्यांना वाढदिवसाला दाखवावा, असं त्यांनी मनात घेतलं. ते एका सरकारी कार्यालयात गेले. टेबलामागच्या तरुण बाईंनी अर्ज बघितला आणि 'त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे' असा शिक्का मारला. हाच शिक्का चौतीस वर्षं अण्णांनी स्वतः लोकांच्या अर्जांवर मारला होता. तो आपल्या अर्जावर पडला की कसं वाटतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं. राहत्या घरात धंदा, म्हणून शेजाऱ्यांची ना-हरकत हवी होती. सिद्धलिंग सरांनी ती तीन पानी लिहून दिली, त्यात दीड पान पचनसंस्थेवर होतं. 'अर्जदार उत्पादनाचा स्वतः उपयोग करतो काय' या रकान्यात अण्णांनी 'नाही' लिहिलं, मग गल्ली आठवून 'अंशतः' केलं, म्हणून पुन्हा फेरसादर झालं. तिसऱ्या खेपेला टेबलामागच्या बाई म्हणाल्या, "सगळं आहे. मालाचा तपासणी अहवाल जोडा, झालं."

तपासणीच्या प्रयोगशाळेत आरोही नावाची मुलगी होती. तिनं अण्णांनी नेलेलं चार-पाच घाण्यांचं सोयाबीन वेगवेगळं दळलं, त्यावर युरिया आणि रंगाचं पाणी टाकलं. कच्चं राहिलं असेल तर गुलाबी ठिपके उठतात, असं ती म्हणाली. एकही ठिपका उठला नाही. अण्णा आनंदानं खुर्चीत पुढे सरकले. तिनं आणखी एक तपासणी करायला घेतली आणि त्यांना उद्या बोलावलं. दुसऱ्या दिवशी ती कागद पुढे करून म्हणाली, "काका, फार जास्त भाजलंय. प्रथिनं जळून गेलीत. कोंबडीच्या अंगाला यातलं थोडंच लागेल."

"शक्य नाही. माझ्या मिसेसचं नाक..."

"काका, वास खमंगच आहे. मलाही आला. माणसाला चटणीसाठी असं चालतं. पण कोंबडीच्या सोयाबीनला इतका वास सुटेपर्यंत थांबायचंच नसतं. खूप आधी काढायचं." मग तिनं सहज विचारलं, "सगळ्या घाण्यांचा नमुना सारखाच जास्त भाजलाय. तुम्ही वेळ मोजून भाजता का? वासानं भाजलं तर थोडं कमी-जास्त होतं."

अण्णा तिथून घरी आले नाहीत. ते कुंभारीला गेले.

कोंडीबा शेडच्या दारात आडवा उभा राहिला. "आत नगा सायेब, वास येतोय." पण अण्णा, ज्यांनी ऑम्लेटच्या वासावर खुर्च्या हलवल्या होत्या, ते नाकाला रुमाल न लावता आत शिरले. आठ आठवड्यांची पिल्लं, ती जेमतेम चार आठवड्यांची दिसत होती. पंख विरळ, माना बारीक. अडीचशेतली साठ-सत्तर तर दिसतच नव्हती.

"कोंडीबा, तू दर शनिवारी झ्याक झ्याक म्हणत होतास."

"म्या काय म्हनू सायेब?" कोंडीबा जमिनीकडे बघत म्हणाला. "पयल्या शनवारी आलो, तर वैनीसायेब हसत हुत्या. त्या दिशी तुमच्या समोरच्या बायनं समदं सांगितलं, त्यास्नी वास येत न्हवता, आता येतोय म्हून. मग कोन्च्या तोंडानं सांगू की पिल्लं वाढत न्हाईत? पिल्लं काय, दुसरी आनता येत्यात."

अण्णा शेडबाहेरच्या दगडावर बसले. कोंडीबाही त्यांच्या शेजारी बसला, आयुष्यात पहिल्यांदा. दोघांनाही ते लक्षात आलं नाही.

परतीच्या बसमध्ये अण्णांनी ठरवलं. बायकोला काही सांगायचं नाही. वेळ कमी करायला काहीतरी कारण काढू. घरी पोचले तेव्हा चार वाजून गेले होते, ड्रम फिरत होता.

"काय म्हणाले तपासणीवाले?" बाईंनी विचारलं. बोर्डाचं गुपित त्यांना मथुराबाईंकडून आधीच कळलेलं होतं.

"फर्स्ट क्लास," अण्णा म्हणाले.

"कागद दाखवा."

कागद नाही, असं म्हणणं अण्णांना जमेना. चौतीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांकडे कागद मागितला, तो असलेला कागद नाही म्हणायला कुठून शिकणार? त्यांनी खिशातून काढून दिला. बाईंनी एका हातानं हॅण्डल फिरवत वाचला. मग हॅण्डल थांबलं.

खरं बोलायचं असलं की बाई कन्नडवर येत. लग्नानंतर पहिल्या वर्षी माहेरची आठवण येते हे सांगितलं तेव्हाही कन्नडमध्येच सांगितलं होतं.

"वासनी बरंगिल्ल री," त्या म्हणाल्या. मला वास येत नाही हो. "कधीच आला नाही."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी तुम्ही मागे उभे होता. तुमचं तोंड बघितलं, आणि तोंडातून निघून गेलं. वाटलं, एक दिवस बरं वाटेल तुम्हाला. तर तुम्ही पेढेच वाटून आलात."

"पण कापूर?"

"सोमवार होता. मथुराबाई आरतीहून आल्या होत्या, नखात पांढरं होतं." बाईंनी कागदाची घडी घातली, उलगडली. "पहिल्या घाण्यानं पिल्लांना त्रास झाला, म्हणून मला भीती. कच्चं राहायला नको, म्हणून रोज घड्याळ बघून पाच मिनिटं जास्त. सर छान म्हणायचे, मला वाटायचं, झालं असेल. पिल्लं गेली का?"

अण्णांनी मान हलवली. किती, ते सांगितलं नाही.

"डॉक्टर म्हणाले होते ना, हळूहळू येईल," ते कसंबसं म्हणाले.

"उलट होतंय. आधी आठवायचा तरी. भाजल्या शेंगांचा, पहिल्या पावसाचा, घरातला. डोळे मिटले की यायचा. आता आठवतसुद्धा नाही. तुमच्या सदऱ्याचा वास कसा होता, ते परवा खूप आठवून बघितलं. धुवायला टाकलेला सदरा घेऊन बसले होते. नाहीच आला."

दोन वर्षं अण्णांनी लवंगा आणल्या, वह्या आखल्या, ड्रम आणला, अडीचशे जीवांचे हाल केले, पण हिला काय होतंय हे एकदाही विचारलं नव्हतं. येईल, येईल, एवढंच म्हणत राहिले होते. ते पाटाशेजारी जमिनीवर बसले आणि हुंदके देऊन रडले. साठी उलटलेला, सरकारी पेन्शन घेणारा माणूस, भर दुपारी, उघड्या अंगणात. त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि रुमाल सापडत नव्हता.

"कलशेट्टी!" भिंतीपलीकडून सिद्धलिंग सर ओरडले. "अहो, करपतंय तुमचं! जळालं सगळं, गॅस बंद करा!"

ड्रमच्या फटीतून धूर निघत होता. बाईंनी धुराकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"तुम्हाला नाही आला वास?"

अण्णांनी नाकानं श्वास ओढून बघितला. रडून रडून नाक पार चोंदलं होतं. पुन्हा ओढला.

"नाही गं," ते म्हणाले. "मलाही काहीच येत नाहीये."

धनलक्ष्मीबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा हलला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्या नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्यानं रडल्या. पलीकडून सर गॅस, गॅस म्हणून ओरडत होते, आणि दोघांपैकी कोणीच उठलं नाही.